बुधवारची घरघर

१६ जानेवारी, गुरुवार

काल पहिला बुधवार पार पडला. जावातल्या जोग्जा शहरातल्या या तळघराच्या आवाजाची नोंद आजवर कुणी ठेवलेली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. पूर्वी इथे बातिकच्या कापडाचं गोदाम होतं. भिंती जाड, छत बुटकं, मधे खांब. बेस थोडा जरी जास्त झाला की खोली स्वतःच घुमायला लागते आणि मग मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. मिक्सरवर मी असते.

हे बुधवार सुरू करणाऱ्या डीजे बांग बोनारची, म्हणजे बोनारदादाची, योजना अशी. संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजानंतर आधी एक प्रयोगी बँड, मग लगेच त्याचं डीजेसत्र, आणि दोन्हींच्या मधे शांतता अजिबात नाही. बँडचा शेवटचा आवाज विरत असतानाच त्याची पहिली रेकॉर्ड वर यायला हवी. "टाळ्यांना जागाच द्यायची नाही," तो म्हणाला. "तुमचे जोग्जाचे लोक टाळ्या वाजवतात आणि चप्पल शोधायला लागतात." हा सांधा माझ्याकडे. एका हाताने बँडचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली, दुसऱ्या हाताने त्याचा वर. गुरुवारी संध्याकाळी वस्तीत कुराणातल्या यासीनचं पठण असतं, म्हणून बुधवार. दहाला बंद करायचं, असा शब्द दिलेला आहे. रोजे लागेपर्यंत चालेल, मग महिनाभर कुलूप.

रोज्यांपर्यंत दर बुधवारी एकच बँड, 'ताम्बाल बँड'. रस्त्याकडेला टायर टांगून 'ताम्बाल बान' लिहिलेलं असतं, म्हणजे पंक्चर काढून मिळेल, त्यावरून हे नाव. पोस्टर लावल्यापासून दोन माणसं खरोखर स्कूटर ढकलत आली.

बँडमधे दोघंच आहेत. लिंतांग गाते, म्हणजे श्वास घेते, गुरगुरते, मधेच एखादा शब्द. मास जालू स्वतः बनवलेलं यंत्र वाजवतात. त्यांच्या आईचा वोनोसारीच्या बाजारात किसलेल्या खोबऱ्याचा ठेला आहे. तिथल्या जुन्या किसणीचा दातेरी रूळ काढून त्यांनी त्याला शिलाई मशिनची मोटर जोडली आहे. पायाखाली मशिनचंच पॅडल. रुळावर तारा घासतात.

जोडणी घरगुती आहे, त्यामुळे विजेची घरघर फार होती. साउंडचेकला मी फिल्टर लावून ती साफ कापली. मास जालूंना विचारलं, "ठीक आहे ना?"

"छान आहे, म्बाक," ते म्हणाले. मी त्यांना मास म्हणते, ते मला म्बाक; इथे ओळखीपुरता एवढा मान द्यायचा असतो.

सांधा चांगला जमला.

१८ जानेवारी, शनिवार

बोनारचा फोन. नमस्कार वगैरे न करता म्हणाला, "वेनिंग, तू त्याची जोडीदारीण पळवलीस."

"कुणाची?"

"जालूची. घरघर कुठे गेली? अगं, तो तिच्याबरोबर वाजवतो. तू तिला हाकलून दिलंस, मग तो बिचारा तासभर भिंतीशी बोलत बसला."

"त्यांना विचारलं होतं मी. छान आहे म्हणाले."

"जावाचा माणूस आहे तो. त्याच्या पायावर स्पीकर ठेवलास तरी म्हणेल, छान आहे म्बाक, जरासा जड आहे."

"मीही जावाचीच आहे."

"म्हणून तर मला मेदानहून यावं लागलं. आमच्याकडे तोंडावर बोलतात," बोनार म्हणाला आणि फोन ठेवला.

चूक माझी. घरघर म्हणजे दोष, हे मी शिकलेलं आहे. तेच वाद्याचा अर्धा भाग असेल असं डोक्यात आलं नाही. दुसरी गोष्ट, मास जालूंचं बोलणं जसंच्या तसं घ्यायचं नाही. त्यातून सौजन्य वजा करायचं आणि उरेल ते धरायचं.

२३ जानेवारी, गुरुवार

काल फिल्टर काढला. पहिल्यांदा ते वाद्य पूर्ण ऐकलं.

घरघर एका सुरावर स्थिर असते. ते पॅडलने रुळाचा सूर तिच्या जवळ नेतात, पण तिच्यावर नेत नाहीत. दोन सूर असे लगत आले की आवाज आपोआप हेलकावतो, वर, खाली, वर, खाली. जितके जवळ, तितकी लाट संथ. ते जवळ जातात, दूर येतात, पुन्हा जातात. एवढंच करतात आणि खोलीतलं कुणी हलत नाही. सूर पूर्ण जुळले की लाट थांबते. हाच इशारा ठरवला आहे. लाट थांबली की मी फेडर खाली आणायचा.

नंतर केबल गुंडाळताना लिंतांग म्हणाली, "हे सगळं रोज्यांपर्यंतच हं, म्बाक. नंतर जालू जपानला चाललाय."

"कार्यक्रमाला?"

"कसला कार्यक्रम. कारखान्यात. प्रशिक्षणार्थी म्हणून, तीन वर्षं. भाषेची परीक्षा झाली, छातीचा एक्सरे झाला. आता दहा फेब्रुवारीच्या आत करारावर सही करायची."

"म्हणजे नक्की आहे."

"त्याला विचारा. मला म्हणतो, अजून बघतोय. इथे थांबण्यासारखं काही असेल तर थांबेन म्हणतो. मी म्हटलं, मी आहे ना, तर म्हणे, तुझं लग्न ठरलंय." ती हसली. "काय बघतोय कुणास ठाऊक."

बुधवारच्या दृष्टीने ही अडचणच आहे. सांध्यासाठी इतकं सोयीचं दुसरं वाद्य नाही. पर्याय शोधायला हवा. आज शोधला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

मोटरचे कार्बन झिजलेत म्हणून मास जालू दुपारी आले. माझ्या पेटीत दोन होते, थोडे मोठे. मी कानशीने घासून बसवले.

"तुमचा हात अजिबात हलत नाही," ते म्हणाले.

"सवय आहे."

"माझा हलतो. म्हणून पायाने वाजवतो."

हा विनोद होता हे मला थोड्या वेळाने कळलं. तोवर हसायची वेळ गेली होती.

मोटर चालू करून पाहिली, आवाज स्वच्छ आला. त्यांनी बंद केली नाही. आम्ही दोघं ती ऐकत बसलो. जाताना जिन्यावरून म्हणाले, "वोनोसारीला कधी मांपिर व्हा, म्बाक."

"हो मास, कधीतरी," मी म्हणाले.

बोनार खोकी उचलत होता. ते गेल्यावर म्हणाला, "हे तुमचं मांपिर. वाटेत डोकावून जा म्हणायचं, आणि दार लावून घ्यायचं. नवा होतो तेव्हा एकदा मी खरंच गेलो एकीकडे. बिचाऱ्या बाईने मागच्या दाराने शेजारून साखर आणली. आमच्यात ये म्हटलं म्हणजे डुक्कर कापून झालेलं असतं."

"इथे सगळे म्हणतात तसं. दारावरून जाणाऱ्या पोस्टमनलाही म्हणतात."

"आणि तू काय म्हणालीस?"

"कधीतरी. तेच म्हणायचं असतं."

"धन्य आहात," बोनार म्हणाला.

३० जानेवारी, गुरुवार

काल साउंडचेक अजानपर्यंत चालला. अजान सुरू झाली की आम्ही सगळं बंद करतो. लिंतांग नमाजाला गेली, बोनार सिगारेटला. मास जालू मिक्सरपाशी आले. सगळे फेडर खाली होते, तरी ते बघत राहिले.

"या रविवारी काम आहे का तुम्हाला?"

"विशेष काही नाही."

"आई तिवूल करणार आहे. मांपिर या."

"हो मास, नक्की. कधीतरी."

ते जायला वळले. मग म्हणाले, "गिवांगान स्टँडवरून बस आहे. बाजाराच्या अलीकडे उतरायचं."

"माहीत आहे," मी म्हणाले.

घरी येऊन विचार केला. साधं सौजन्य असतं तर त्यात वार नसता. बसही नसती. पण डोंगराकडची माणसं रस्त्यांबद्दल मोकळेपणाने बोलतात, आणि आई तिवूल कुठल्यातरी रविवारी करतच असेल. फिल्टरच्या वेळी मी त्यांचा शब्द जसाच्या तसा घेतला आणि फसले. म्हणून वजाबाकी केली. रविवार वजा, तिवूल वजा, बस वजा. उरलं सौजन्य.

लाट काल फार संथ होती.

२ फेब्रुवारी, रविवार

आज केबलची टोकं झाळायची ठरवली होती. सकाळी लवकर जाग आली. इस्त्रीचा निळा शर्ट घातला. झाळकामाला तो घालण्यात अर्थ नाही हे लक्षात आल्यावर बदलला. खाली घरमालकीण बू एन्दांग अंगण झाडत होत्या. "कुठे निघालीस?" त्यांनी विचारलं. मी पायऱ्यांवर का उभी होते, आठवत नाही. "कुठे नाही, बू," म्हणाले आणि वर आले.

दुपारी स्कूटरने गिवांगानपर्यंत गेले. स्टँडसमोरच्या दुकानात कनेक्टर बरे मिळतात. दुकान रविवारी बंद असतं. हे मला माहीत असायला हवं होतं. वोनोसारीची बस लागलेली होती, निम्मी रिकामी. कंडक्टर म्हणाला, "म्बाक, येताय?" मी नाही म्हणाले.

संध्याकाळी बाकीची टोकं झाळली. तीन पुन्हा करावी लागली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल मास जालूंनी केळीच्या पानात बांधलेला तिवूल आणला. वाळवलेल्या साबुकंदाच्या पिठाचा, गूळ घालून वाफवलेला. खोबरं वेगळ्या पुडीत, ओलसर होऊ नये म्हणून.

"आईने दिलंय. जास्त झालं होतं."

रविवारचा तिवूल बुधवारपर्यंत टिकत नाही. हा ताजा होता, अजून कोमट होता. म्हणजे त्यांच्याकडे वरचेवर जास्त होत असावा.

"आईंना आभार सांगा."

"सांगतो." मग पॅडलची वायर सोडवत म्हणाले, "सोमवारी सही केली मी. अठ्ठावीसला विमान."

"अभिनंदन, मास."

"आभार, म्बाक."

सांधा चुकला. लाट थांबली, फेडर उशिरा खाली गेला, दोन आवाज एकमेकांवर आदळले. बोनारने पलीकडून हात पसरून विचारलं, काय झालं. बोटांना गूळ लागला होता, मी नंतर सांगितलं. त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटं धुतलेली होती.

तिवूल रात्री घरी नेऊन संपवला. सगळा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल कार्यक्रमाआधी त्यांचं वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित केलं. दोन माइक रुळाजवळ, एक मोटरखाली, एक लांब खांबापाशी. ते गेल्यावर सांध्यासाठी वापरता येईल, असं कारण मी त्यांना दिलं. ते म्हणाले, "मग मी नसलो तरी चालेल." मी म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या चालेल."

मुद्रण निर्दोष आहे. आज सकाळी ऐकायला घेतलं. पहिली लाट येण्याआधी त्यांनी पायातली चप्पल बाजूला सारल्याचा आवाज आहे. तो कापून टाकायला हवा. तिथपर्यंत ऐकलं, मागे नेलं, पुन्हा तिथपर्यंत ऐकलं. पुढे गेले नाही.

ते आता सोलो शहरातल्या, जपानला जाणाऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात राहतात. तिथे फोन काढून घेतात. बुधवारी तेवढं सोडतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल साउंडचेकला त्यांची आई आली. बू तुमिरा. बसने एकटी आली. मी मिक्सरजवळ खुर्ची दिली, ती पिशवी मांडीवर घेऊन टोकावर बसली. रूळ फिरायला लागल्यावर थोडा वेळ ऐकून म्हणाली, "खोबरं नसताना फिरवला की दात झिजतात."

मी म्हणाले, "हो, बू."

"तुम्हीच का म्बाक वेनिंग?"

"हो."

"बारीक आहात." मला खालून वर पाहून घेतलं. "त्या रविवारी नाही आलात ते बरंच झालं बघा. घरात नुसता पसारा. कोंबडीही काही फार मोठी नव्हती."

"कोंबडी?"

"एकच होती. तिला काय, कधीतरी कापायचीच होती. आणि हा पोरगा सकाळपासून बसथांब्यावर. मी म्हटलं, उन्हात काय शोधतोयस? तर म्हणे, बसचे आवाज ऐकतोय. शेवटची बस गेली तेव्हा घरी आला." ती हसली. "लहानपणापासून असाच आहे. चक्कीसमोर तासन्‌तास बसायचा. मी म्हटलं, कामं असतात शहरातल्या मुलींना, येतील कधीतरी. बुधवारी पुन्हा केला तिवूल, गोड पुरेसा होता का? मला अंदाज येत नाही हल्ली."

"पुरेसा होता," मी म्हणाले.

"मग बरं."

रविवारी दोन तारीख होती. सही सोमवारी झाली. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

मिक्सरवर त्याच्या चॅनेलचा दिवा लुकलुकत होता. अजान झाली. आई त्याच्या कॉलरवरचा धागा काढत उभी होती, तिच्यासमोर काही बोलता आलं नाही. कार्यक्रम झाल्यावर तो तिला बसवर बसवायला धावत गेला आणि तिथूनच सोलोला. मी काय बोलणार होते, ते मला अजून नीट मांडता येत नाही. रविवारी स्टँडपर्यंत गेले होते, असं कदाचित. बस निम्मी रिकामी होती, असं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बोनारने विचारलं, रोज्यांनंतर कुणाला बोलवायचं. मी नावं काढलेली नाहीत, हे सांगितलं. त्याने विनोद केला नाही. चहा करून आणला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शेवटचा बुधवार. जागा इतकी भरली की खोलीचं घुमणं कमी झालं, माणसं आवाज शोषतात. लिंतांग सुरुवातीलाच गायली आणि मग बाजूला बसून राहिली. उरलेलं सगळं त्याचं होतं.

तो आधी खूप लांब राहिला. लाट इतकी जलद की तिला लाट म्हणता येईना, नुसती थरथर. मग जवळ यायला लागला. प्रत्येक फेरीला लाट लांब होत गेली. समोरच्या मुली श्वास तिच्याबरोबर घेत होत्या. शेवटी एक लाट आली ती संपेचना. आणि मग थांबली. घरघर आणि रूळ एक झाले, कुठलं कुठलं ते मलाही सांगता आलं नसतं.

बोनारची रेकॉर्ड तयार होती. माझी बोटं फेडरवर होती. मी तो खाली आणला नाही.

बोनारने माझ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं, मंचावरून. इशारा झाला आहे, हे तिघांनाही माहीत होतं. तो तसाच पॅडलवर पाय धरून राहिला. इतका वेळ एक सूर धरणं त्या मोटरला झेपत नाही, कार्बन जळल्याचा वास यायला लागला. मी तरीही फेडर आणला नाही.

मग त्याने पाय उचलला.

बोनारचं म्हणणं खरं निघालं नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, चप्पलही शोधली नाही. बोनारने हेडफोन मानेवर घेतले, थोडं थांबला, आणि रेकॉर्ड हळू सुरू केली.

मंचावरून उतरून तो मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी वाद्याची मोटर सोडवत बसला होता. रूळ आईला परत हवा आहे. मी बोनारला मिक्सर बघायला सांगून गेले. भिंतीतून बेस येत होता.

"जालू," मी म्हणाले, "जाऊ नकोस."

त्याने वर पाहिलं नाही. "शुक्रवारचं विमान आहे, म्बाक."

"माहीत आहे. तू थांबशील म्हणून नाही म्हणत. महिन्यापूर्वी म्हणायला हवं होतं. आता नाही म्हटलं तर तीन वर्षं माझ्याजवळच पडून राहील."

एक स्क्रू निघाला, तो त्याने झाकणात ठेवला. "मला वाटलं, तुम्ही सौजन्याने कधीतरी म्हणालात."

"सौजन्यानेच म्हणाले. मला वाटलं, तुम्ही सौजन्याने बोलावताय."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या खांद्यांनी. मलाही हसू आलं, ते वेळेवर आलं.

"मी गिवांगानपर्यंत आले होते," मी म्हणाले. "त्या दिवशी."

"स्टँडवर?"

"बस लागलेली होती."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. "आता मी काय करू?"

"जा. सही केलीयस."

त्याने आणखी एक स्क्रू झाकणात ठेवला. मग म्हणाला, "तू जेवलीस का?"

हे इथे सगळे सगळ्यांना विचारतात. दारात, फोनवर, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर. उत्तर ठरलेलं असतं. हो, जेवले, आणि तुम्ही?

"नाही," मी म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लेलं नाही. खूप भूक लागली आहे."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि हात पँटला पुसले. बोनारचं सत्र निम्मंही झालं नव्हतं. मी मिक्सरकडे परत गेले नाही. आम्ही जिना चढून रस्त्यावर आलो.